आधी वारा, मग तिकीट

श्रीलंकेला सर्फिंगसाठी जायचं ठरलं, की बहुतेक घरांत पहिल्यांदा मुलांच्या सुट्ट्या बघितल्या जातात. मग ऑफिसची रजा, मग स्वस्तातलं विमान, मग हॉटेलचे फोटो. समुद्राचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. थंड हवेच्या ठिकाणी किंवा देवदर्शनाला जाताना हा क्रम चालून जातो. लाटेवर उभं राहायचं असेल तर तो उलटा करावा लागतो. या बेटावर सर्फिंगचे दोन किनारे आहेत, आणि दोघांचे हंगाम एकमेकांच्या बरोब्बर विरुद्ध. जानेवारीत अरुगम बेला किंवा जुलैत हिक्काडुवाला पोचलेला माणूस नावं ठेवतो हॉटेलवाल्याला, पण घोळ तारखांचा असतो.

हे असं का, ते एकदा नीट समजून घेतलं तर पुढचं अर्धं नियोजन आपोआप होतं. श्रीलंकेला लागणाऱ्या चांगल्या लाटा श्रीलंकेजवळ तयार होतच नाहीत. दक्षिण गोलार्धात, अंटार्क्टिकाच्या वरच्या बाजूला वर्षभर वादळं घोंघावत असतात. त्यांनी समुद्राला दिलेला हेलकावा हजारो किलोमीटर प्रवास करून वर येतो. दोंद्रा हे बेटाचं दक्षिण टोक; तिथून नाकासमोर दक्षिणेला निघालात तर अंटार्क्टिकापर्यंत जमीन लागत नाही. त्यामुळे लाटांचा पुरवठा बारा महिने चालूच असतो. आलेली लाट सर्फिंगच्या कामाची राहते की नुसता फेस होते, हे किनाऱ्याजवळच्या शेवटच्या शे-दोनशे मीटरांत ठरतं, आणि ते ठरवतो वारा. जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहत असेल तर तो येणाऱ्या लाटेला समोरून अडवतो, तिची भिंत उभी राहते, ती एका बाजूने क्रमाने फुटत जाते. समुद्राकडून जमिनीकडे जोरात वारा असेल तर तीच लाट पाठीमागून ढकलली जाऊन वेडीवाकडी कोसळते. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना, त्यांचा उपयोग अखेर इथे होतो. पहाटे मतलई वारा असतो, सकाळी दहा-अकरानंतर खारा सुटतो. म्हणून सर्फिंग करणारी माणसं उजाडायच्या आत पाण्यात दिसतात आणि दुपारी झोपा काढतात.

हाच हिशेब वर्षाच्या मापाने मांडायचा. मेअखेरीला श्रीलंकेत आणि मग जूनच्या सुरुवातीला कोकणात पोचणारा नैऋत्य मोसमी वारा एकच. तो बेटाच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर समुद्राकडून थडकतो. पाणी गढूळ, लाटा विस्कटलेल्या, वर पाऊस. तोच वारा मधले डोंगर ओलांडून पूर्वेला उतरतो तेव्हा कोरडा झालेला असतो, आणि अरुगम बेला तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्य मोसमी वारा आला की सगळं उलट: पूर्वेला पाऊस, दक्षिणेला निळं आकाश. थोडक्यात, नोव्हेंबर ते एप्रिल दक्षिण किनारा, आणि एप्रिलअखेर ते सप्टेंबर पूर्व किनारा.

आता आपल्या सुट्ट्या यात बसवून बघू. नाताळ हवेच्या दृष्टीने छान, पण त्या आठवड्यात युरोपातली निम्मी माणसं थंडीला कंटाळून इथेच आलेली असतात. खोल्या महाग, पाण्यात गर्दी. परीक्षांची कटकट नसेल तर फेब्रुवारी ते मार्चचा मध्य हे माझ्या मते सगळ्यात चांगले दिवस. दिवाळीची सुट्टी मात्र फसवी. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे दोन मोसमी वाऱ्यांच्या मधला काळ. दुपारनंतर विजांसह पाऊस आणि बंगालच्या उपसागरात वादळांची ये-जा. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या दितवा चक्रीवादळाने श्रीलंकेत शेकडो बळी घेतले आणि डोंगराळ भागातले रस्ते-रेल्वे मोडून टाकले. दिवाळीत जायचंच असेल तर तारीख बदलता येणारं तिकीट काढा. मे महिन्याच्या सुट्टीला पूर्व किनारा धरा. मेमध्ये अरुगम बेचा हंगाम नुकता उघडलेला असतो, लाटा अजून मोठ्या झालेल्या नसतात, आणि शिकाऊ माणसाला तेच हवं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे लाटा आणि गर्दी दोन्ही भरात असतात. एक तारीख टाळण्यासारखी: १३-१४ एप्रिलला सिंहली आणि तमिळ नववर्ष असतं, माणसं गावी जातात, गाड्या तुडुंब आणि दुकानं बंद.

कधी जायचं ते ठरलं की कुठे राहायचं हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर इन्स्टाग्रामवर शोधू नका, स्वतःच्या अंगातल्या कसबात शोधा. आयुष्यात कधी बोर्ड हातात धरला नसेल तर वेलिगामा, दुसरा विचारच करू नका. अर्धगोल उपसागर, तळाला खडक नाही तर वाळू, छातीएवढ्या पाण्यात उभं राहता येतं, आणि किनाऱ्याला समांतर मुख्य रस्ता असल्याने बोर्ड भाड्याने देणाऱ्यांची रांगच लागलेली. उपसागराच्या तोंडाशी लाटा मवाळ होऊन आत येतात, म्हणून मोसम सोडूनही इथे शिकवण्या चालू असतात. फक्त तेव्हा पाणी मळकट असतं.

पहिली शिकवणी कशी होते हे आधी माहीत असलेलं बरं. शिकवणारा मुलगा तुम्हाला थेट पाण्यात नेत नाही. आधी वाळूवर बोर्डाचा आकार काढतो किंवा बोर्डच ठेवतो, आणि तुम्हाला त्यावर पालथं झोपवतो. पायाची बोटं बोर्डाच्या शेपटीपाशी, छाती उचललेली, हात वल्ह्यासारखे. मग तळवे बरगड्यांशेजारी टेकवायचे आणि एका झटक्यात दोन्ही पाय खाली घेऊन आडवं उभं राहायचं. गुडघे टेकून मग उठू, असं प्रत्येकाला वाटतं. पाण्यात तो गुडघाच घात करतो. कुठला पाय पुढे हे ठरवायला तो पाठीमागून हलकेच ढकलतो. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडला, तोच बोर्डावरही पुढे. दुसऱ्या पायाच्या घोट्याला दोरी बांधली जाते, तिला लीश म्हणतात. पाण्यात गेल्यावर तो बोर्डाची शेपटी धरून लाट निवडतो, ढकलतो आणि ओरडतो. या क्षणी नव्वद टक्के लोक स्वतःच्या पायांकडे बघतात आणि तोंडावर पडतात. नजर किनाऱ्यावरच्या नारळाच्या झाडावर ठेवा. पाय कुठे आहेत ते पायांना कळतं.

बोर्ड मऊ फोमचा, आठ-नऊ फुटांचा घ्या. लहान टोकदार बोर्ड हातात घेऊन फोटो छान येतात, उभं मात्र राहता येत नाही. घेण्याआधी त्याच्यावरच्या भेगा-खड्ड्यांचे फोटो काढून दुकानदारासमोर दाखवून ठेवा, नाहीतर परत करताना जुन्या भेगेचे पैसे तुमच्या माथी येतात. भाडं तासाचं की दिवसाचं तेही बोलून घ्या. मुंबईहून बोर्ड विमानात घालून नेण्याचा उद्योग शिकाऊ माणसाने करू नये.

चार-पाच दिवसांत फेसाळ पाण्यातून बाहेर पडून न फुटलेली लाट पकडता येऊ लागली, तर पश्चिमेला पंधरा-वीस मिनिटांवर मिदिगामा आणि अहंगामा आहेत. मिदिगामाच्या लेझी लेफ्ट, लेझी राइट अशा लाटांची नावं ऐकून फार निर्धास्त होऊ नका. खाली प्रवाळ आणि खडक आहे. अहंगामाजवळची कबालाना ही लाट मोठ्या दिवशी सरावलेल्यांनीच घ्यावी अशी. हिक्काडुवा १९७० च्या दशकापासून परदेशी सर्फरांचं गाव आहे. आता ते फार गजबजलंय, पण संध्याकाळी खायला-प्यायला बरं. मिरिसा राहायला देखणी, पण तिथली लाट खडकाळ तळावरची आहे, हे हॉटेलच्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

अरुगम बेचा बाज वेगळा. कोलंबोपासून सव्वातीनशे किलोमीटर, रेल्वे नाही, रस्त्याने सात-आठ तास. तिथे लाटा जमिनीच्या पुढे आलेल्या टोकाला वळसा घालून उजवीकडे लांबलचक फुटत जातात, आणि सरावलेला माणूस एकाच लाटेवर लांबवर जातो. मेन पॉइंट हा त्यांचा. शिकाऊंनी बेबी पॉइंट किंवा टुकटुकने व्हिस्की पॉइंट गाठावा. पीनट फार्म शांत आहे. आणखी दक्षिणेला ओकंदा, तिथे मुरुगनचं म्हणजे आपल्या कार्तिकेयाचं देऊळ आहे. आपल्याकडे आषाढी वारीची धांदल असते त्याच सुमारास जाफनाकडून चालत निघालेले यात्रेकरू ओकंदाहून कुमनाच्या जंगलात शिरतात आणि कटारागामाला पोचतात. त्या दिवसांत तिकडे असाल तर एक सकाळ समुद्राला सुट्टी देऊन ओकंदाला जाऊन या. परिसरात हत्ती आहेत. अंधारात स्कूटरवरून सर्फिंगला निघण्याचं धाडस करू नका, माहितगार टुकटुकवाला घ्या.

निघण्याआधी महिनाभर तरी तयारी हवी. पहिली गोष्ट पोहणं. बोर्ड तरंगतो, लीश बांधलेली असते, मग पोहता कशाला यायला हवं, असं विचारणारे भेटतात. लीश तुटते, म्हणून. पोहण्याच्या तलावात न थांबता दोनशे मीटर जाता येणं आणि डोक्यावरून पाणी गेल्यावर न घाबरणं, एवढं तरी असावं. सर्फिंगमध्ये दमतात ते खांदे आणि पाठ, कारण उभं राहणं काही सेकंदांचं आणि वल्हवणं तासभराचं असतं. रोजचे सूर्यनमस्कार इथे फार कामाला येतात. जमलं तर आधी आपल्याच किनाऱ्यावर दोन दिवस शिकून घ्या: गोव्याला आश्वे-मांद्रे, कर्नाटकात मुल्की, केरळात वर्कला, चेन्नईजवळ कोवलम. श्रीलंकेचे महागडे दिवस मग बोर्डावर कसं झोपायचं ते शिकण्यात जात नाहीत.

फोनवर लाटांचा अंदाज सांगणारी ॲप असतात. त्यात सगळे उंची बघतात. त्याहून महत्त्वाचा आकडा दोन लाटांमधल्या सेकंदांचा. एक मीटर उंची आणि सात-आठ सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठवलेलं खळबळतं पाणी. तीच एक मीटर उंची पण चौदा-पंधरा सेकंद असतील तर लाट लांबून आलेली आहे, तिच्यात कितीतरी जास्त जोर आहे आणि किनाऱ्याला लागताना ती आकड्यापेक्षा मोठी होते. पहिल्या आठवड्यातल्या माणसाने पंधरा सेकंद दिसल्यावर खूश न होता शिकवणाऱ्याला विचारावं. भरती-ओहोटीचं गणित मात्र आपल्या सवयीचं नाही. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर हा फरक मीटरभरसुद्धा नसतो. वाळूच्या वेलिगामात त्याने विशेष बिघडत नाही. पण प्रवाळावर तेवढंच अर्धा मीटर पाणी तुमच्या पाठीच्या आणि दगडाच्या मध्ये असतं, म्हणून ओहोटीला तिथे उतरू नये.

पाण्यातले नियम थोडे आहेत पण ते मोडले तर भांडणं होतात, डोकीही फुटतात. लाट जिथून फुटायला सुरुवात होते त्याच्या सगळ्यात जवळ जो असेल, लाट त्याची. त्याच्या पुढ्यात घुसायचं नाही. आत जाताना फुटणाऱ्या लाटेच्या मधून नाही, कडेने वळसा घालून जायचं. आणि कितीही घाबरलात तरी बोर्ड मागे सोडून द्यायचा नाही. तुमच्या मागे कुणाचं तरी लेकरू असतं. पडताना सपाट पडा, सूर मारू नका, वर येताना हात डोक्यावर धरा. पाण्याला बाहेरची ओढ लागली तर किनाऱ्याकडे झुंजू नका. बोर्डावर झोपून किनाऱ्याला समांतर वल्हवत ओढीच्या बाहेर या, मग फेसाबरोबर आत. मासेमारीच्या होड्या उतरतात त्या वाटेवर बसू नका. बोर्ड आपला छंद आहे, होडी त्यांचं पोट आहे.

उन्हाचं आपल्याला काय, आपण कोकणातले, असं म्हणणारे पहिल्याच संध्याकाळी पाठीवर झोपू शकत नाहीत. पूर्ण बाह्यांचा लायक्राचा अंगरखा घाला. सुती टी-शर्ट पाणी पिऊन जड होतो आणि काखेत सोलतो. नाकावर, गालांवर झिंकचं जाड पांढरं मलम. प्रवाळाने खरचटलं तर गोड्या पाण्याने चोळून धुवा, आतले कण निघाले पाहिजेत, मग जंतुनाशक. हे कंटाळून टाळलं की तिसऱ्या दिवशी जखम पिकते आणि उरलेली सहल खुर्चीत जाते. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधीच घेऊन ठेवा. डास आहेत, डेंग्यू आहे.

आणखी एक, घाबरवायला नाही पण माहीत असावं म्हणून. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने याच किनाऱ्यावर हाहाकार केला. हिक्काडुवाजवळ पेरालिया इथे माणसांनी भरलेली आगगाडी लाटेने उलथवली, तिथे आज स्मारक आहे. जमीन बराच वेळ हादरली किंवा समुद्र अचानक नेहमीपेक्षा फार मागे हटला तर मोबाइल काढून चित्रीकरण न करता उंचावर चालू लागायचं. राहायच्या जागेजवळ उंचवटा कुठे आहे हे पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

खाण्याचे हाल होत नाहीत. उलट नारळ-भात-आमटीच्या माणसाला हे घरचंच वाटतं. सकाळच्या सर्फिंगनंतर आप्पे नव्हे, आप्पम म्हणजे तिथले हॉपर, वर अंडं फोडलेलं, बरोबर ओल्या नारळाची झणझणीत पोल सांबोल. दुपारी भात आणि चार-पाच प्रकारच्या भाज्या. कवठाचा रस मिळतो, केशरी शहाळं मिळतं, आणि म्हशीच्या दुधाचं मडक्यातलं दही किथुलच्या काकवीबरोबर देतात, ते चुकवू नका. शाकाहारींनी मात्र डोळे उघडे ठेवावेत. उंबलकड म्हणजे वाळवलेल्या मासळीचा चुरा साध्या सांबोलमध्ये आणि भाजीतही असतो, आणि खूप जण त्याला मासा समजतच नाहीत. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही; ‘मालु नॅतुव’, म्हणजे मासळीशिवाय, असं म्हणा आणि उंबलकडचं नाव घेऊन विचारा. जाण्याआधी पंचांगात पौर्णिमा बघून ठेवा. दर पौर्णिमेला तिथे पोयाची सुट्टी असते, दारूची विक्री बंद, मांसाची दुकानं बंद. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे फार लागतं, आणि पोहण्याच्या कपड्यांत बाजारात फिरणंही.

प्रवासाचं सोपं आहे. मुंबईहून कोलंबो थेट विमानाने अडीच-पावणेतीन तास. आधी इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवाना, म्हणजे ईटीए, घ्यायचा. त्याचे नियम आणि शुल्क गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा बदललेत, तेव्हा तिकीट काढायच्या दिवशीच श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा. तसंच दिसणारी दलालांची संकेतस्थळं जास्त पैसे घेतात. विमानतळावरून द्रुतगती मार्गाने वेलिगामा अडीच-तीन तासांत येतं. घाई नसेल तर कोलंबो फोर्टहून मातराच्या गाडीत बसा, उजव्या बाजूची खिडकी पकडा. रूळ कितीतरी वेळ अगदी पाण्याला लागून जातात, आणि ही गाडी वेलिगामालाच थांबते. आपल्या एका रुपयाला तिथले सव्वातीन-साडेतीन रुपये मिळतात, त्यामुळे किमतीचे आकडे बघून दचकू नका. थोडी रोकड जवळ असू द्या, किनाऱ्यावरच्या शिकवणीला कार्ड चालेलच असं नाही. प्रवास विमा घेताना त्यात सर्फिंग धरलंय का ते वाचून घ्या, ‘साहसी खेळ’ वगळलेले असतात. भाड्याच्या स्कूटरचंही तेच. आंतरराष्ट्रीय परवाना आणि त्यावर तिथली स्थानिक मंजुरी नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते.

घरातले सगळे लाटांच्या नादी लागणार नसतील तर त्यांच्यासाठी दक्षिण किनारा पूर्वेपेक्षा सोयीचा. गॉलचा किल्ला अर्ध्या-पाऊण तासावर, १९८८ पासून जागतिक वारसा यादीत, मिरिसाहून हिवाळ्यात निळे देवमासे बघायला बोटी जातात, उडवालवेला हत्ती. सर्फिंगवाल्याने पहाटेचं पाणी घ्यावं आणि नऊला नाश्त्याच्या टेबलावर हजर व्हावं, म्हणजे घरात शांतता राहते. सलग सात दिवस पाण्यात उतरायचा बेत करू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खांदे उचलत नाहीत. ती सुट्टी किल्ल्याला द्या.

परतीच्या दिवशी सकाळी ‘शेवटची एक लाट’ म्हणून पाण्यात जाण्याचा मोह होईल. विमान रात्रीचं असेल तर जा, दुपारचं असेल तर नको. एकतर ओले कपडे सामानात वजन वाढवतात. दुसरं म्हणजे लाटांखाली घुसळून निघाल्यावर नाकाच्या पोकळ्यांत पाणी साठून राहतं, आणि ते बाहेर पडतं कधीतरी चार-सहा तासांनी, खाली वाकल्यावर. ते इमिग्रेशनच्या काउंटरवर, पासपोर्ट पुढे करताना झालं, तर समोरच्या अधिकाऱ्याला ते नवीन नसतं. रुमाल मात्र वरच्या खिशात ठेवा.